पृथ्वीच्या शेपटीतलं वादळ आणि कुलाब्याची वही

२०२४ सालची अक्षय्य तृतीया १० मे रोजी, शुक्रवारी होती. दुसऱ्या दिवशी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडला. लडाखमधल्या हानले इथल्या वेधशाळेवर आकाश लालबुंद झालं होतं. युरोप-अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांनी आपापल्या अंगणातले हिरवे-गुलाबी पडदे पाठवले. सुट्टीला आलेला माझा नववीतला भाचा वैतागला.

"मामा, आपल्या हैदराबादच्या गच्चीवरून का नाही दिसलं?"

"दिसलं नाही, पण इथे पोचलं होतं," मी म्हणालो.

"कशावरून?"

त्याला तेव्हा पाच मिनिटांत जे सांगितलं ते अपुरं होतं. तो प्रश्न लेखाएवढा मोठा आहे, म्हणून हा लेख.

आधीच सांगतो, मी काही अवकाश-शास्त्रज्ञ नाही. बी.ई. झालो आणि तेव्हापासून सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझ्या कामाचा मोठा भाग म्हणजे एखादी यंत्रणा कोलमडली की वेगवेगळ्या सर्व्हरच्या नोंदी शेजारीशेजारी लावायच्या आणि शोधायचं, की आधी काय बिघडलं? ओरडा जिथून सुरू होतो तिथे मूळ बिघाड क्वचितच असतो. चुंबकीय वादळांच्या अभ्यासातही शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं याच प्रश्नाशी झुंजत होते, हे वाचलं आणि मी या विषयात अडकलो.

सूर्याचा वारा, पृथ्वीची छत्री

सूर्यातून सतत एक वारा वाहत असतो. त्यात हवा नसते, प्लाझ्मा असतो, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन सुटे झालेला, वीज वाहून नेणारा वायू. हा सौरवारा अतिशय विरळ असतो. पृथ्वीजवळ एका घनसेंटिमीटरमध्ये साधारण पाच कण. पण वेग सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर! या वेगाने हैदराबादहून मुंबई दोन सेकंदांच्या आत येईल. सूर्यापासून इथवर यायला त्याला चारेक दिवस लागतात.

हा वारा थेट आपल्यावर आदळत नाही, कारण पृथ्वी एक मोठं चुंबक आहे. तिचं चुंबकीय क्षेत्र वाऱ्याला अडवतं आणि स्वतःभोवती एक पोकळी राखतं. तिला चुंबकावरण म्हणतात. सूर्याकडच्या बाजूला त्याची सीमा साधारण ६५ हजार किलोमीटरवर असते. रात्रीच्या बाजूला मात्र वारा या क्षेत्राला ओढून लांबवतो आणि तिथे एक लांबच लांब शेपटी तयार होते. ती चंद्राच्याही खूप पलीकडे जाते. या लेखातली मुख्य घटना त्या शेपटीत घडते.

पुढे जाण्याआधी प्लाझ्माचा एक गुण लक्षात ठेवायला हवा. चुंबकीय रेषा म्हणजे दोरा आणि प्लाझ्माचे कण म्हणजे त्यात ओवलेले मणी, असं समजा. मणी दोऱ्यावरून पुढेमागे सरकतील, पण दोरा सोडून बाजूला जाणार नाहीत. मणी जोरात निघाले तर दोऱ्यालाही सोबत ओढून नेतील. प्लाझ्मा आणि चुंबकीय क्षेत्र यांची अशी गाठ असते, एक हललं की दुसरं हलतं. म्हणूनच दूर अंतराळात प्लाझ्मा वाहिला तर जमिनीवरची चुंबकसूची थरथरते.

गलोल ताणली जाते

सौरवारा आपल्यासोबत सूर्याचं चुंबकीय क्षेत्रही घेऊन येतो. त्याची दिशा सारखी बदलत असते. सूर्याकडच्या सीमेवर पृथ्वीच्या रेषा दक्षिणेकडून उत्तरेकडे जातात. सूर्याचं क्षेत्रही उत्तरेकडे असेल तर फारसं काही घडत नाही. ते दक्षिणेकडे वळलं, म्हणजे पृथ्वीच्या रेषांच्या उलट झालं, की सीमेवर दोन्हीकडच्या रेषा तुटून एकमेकींना जोडल्या जातात. या क्रियेला चुंबकीय पुनर्जोडणी म्हणतात. जेम्स डंजी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये हे चित्र मांडलं.

जोडल्या गेलेल्या या रेषांचं एक टोक पृथ्वीत आणि दुसरं वाहत्या वाऱ्यात असतं. वारा त्यांना ध्रुवांवरून ओढत मागे शेपटीत नेऊन टाकतो. एकामागून एक रेषा तिथे साठतात, शेपटी फुगते, ताणली जाते. गलोलीचं रबर मागे खेचत न्यावं तसं. अर्धा-एक तास हा ताण वाढत राहतो.

शेपटीच्या वरच्या अर्ध्या भागात रेषा पृथ्वीकडे येणाऱ्या असतात आणि खालच्या अर्ध्या भागात पृथ्वीपासून दूर जाणाऱ्या. मधे गरम प्लाझ्माचा एक पट्टा दोघींना वेगळं ठेवतो. ताण वाढला की हा पट्टा पातळ होत जातो. शेवटी उलट दिशेच्या रेषा एकमेकींना भिडतात, तुटतात आणि नव्याने जोडल्या जातात. रबर सुटतं. एक भाग पलीकडे अंतराळात फेकला जातो, दुसरा पृथ्वीकडे झेपावतो. या साऱ्या घटनेला उपवादळ म्हणतात.

दहा मिनिटांचे लोट

हा पृथ्वीकडे येणारा प्रवाह नदीसारखा संथ, एकसारखा असेल असं आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात तो नळाला पाणी येताना आधी हवा सुटते आणि मग धारेचे फटकारे बसतात, तसा येतो. १९९२ मध्ये व्हॅसिलिस अँजेलोपूलोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहांच्या नोंदी चाळून दाखवलं, की शेपटीच्या मधल्या पट्ट्यात प्लाझ्मा बहुतेक वेळ सुस्त असतो. मधेच सुमारे दहा मिनिटांचा लोट येतो आणि त्या लोटात सेकंदाला ४०० किलोमीटरहून जास्त वेगाचे झटके असतात. शेपटी खूप रुंद आहे, पण हे लोट तिच्या मानाने अरुंद पाटांतून येतात.

पृथ्वीच्या जवळ आलं की तिचं स्वतःचं क्षेत्र बळकट होत जातं. साधारण ६० हजार किलोमीटरच्या आसपास लोटाला ब्रेक लागतो. सोबत आणलेल्या रेषांचा तिथे ढीग होतो. आतापर्यंत शेपटीत आडवा वाहणारा विद्युतप्रवाह तिथे वाट बदलतो आणि चुंबकीय रेषांवरून खाली ध्रुवीय प्रदेशाच्या वातावरणात उतरतो. रेषांवरून वेगाने उतरलेले इलेक्ट्रॉन १०० किलोमीटरहून जास्त उंचीवर ऑक्सिजन आणि नायट्रोजनवर आदळतात आणि आकाश उजळतं. ऑक्सिजनचा हिरवा प्रकाश खालून येतो, लाल त्याहून खूप वरून. हानले उजळलेल्या प्रदेशापासून फार दक्षिणेला आहे, म्हणून तिथून क्षितिजावर फक्त उंचावरचा लाल भाग दिसला. हैदराबादहून तोही क्षितिजाखाली राहिला.

त्याच वेळी ध्रुवीय आकाशात लाखो अँपिअरचा प्रवाह वाहू लागतो. त्याच्या खाली, कॅनडासारख्या ठिकाणी, जमिनीवरचं चुंबकीय क्षेत्र काही मिनिटांत शेकडो नॅनोटेस्लांनी घसरतं. नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं लहान माप आहे. आपल्याकडे पृथ्वीचं आडवं क्षेत्र ३८ ते ४० हजार नॅनोटेस्लांच्या आसपास असतं, यावरून अंदाज येईल. उपवादळ सुरू झालं की ४० ते १५० सेकंदांच्या अंतराने क्षेत्राला हलके हेलकावेही बसतात. ते इतके दूर पोचतात, की भारतातले चुंबकमापकसुद्धा रात्री ते टिपतात.

आधी काय बिघडलं?

आता माझ्या आवडीचा भाग. उपवादळात दोन गोष्टी होतात हे सर्वांना मान्य होतं. एक, दूर शेपटीत रेषा तुटून जोडल्या जातात. दोन, पृथ्वीजवळ, शेपटीत आडवा वाहणारा विद्युतप्रवाह विस्कटतो. पण आधी कोणती? एक गट म्हणे, बिघाड दूर सुरू होतो आणि आत येतो. दुसरा म्हणे, तो जवळ सुरू होतो आणि बाहेर पसरतो. दोन्हींमध्ये फरक एक-दोन मिनिटांचा.

वाद मिटत नव्हता, कारण एका जागी असलेला एक उपग्रह त्याचं उत्तर देऊ शकत नाही. एकाच सर्व्हरच्या नोंदी पाहून बिघाड कुठून आला हे जसं कळत नाही, अगदी तसंच. अनेक ठिकाणी एकाच वेळी मोजणारी यंत्रं हवीत आणि सर्वांची घड्याळं एकमेकांशी जुळलेली हवीत.

नासाने १७ फेब्रुवारी २००७ रोजी एकाच रॉकेटवरून पाच सारखे उपग्रह सोडले. मोहिमेचं नाव थेमिस, ग्रीक पुराणातली न्यायदेवता. दोन गटांमधला निवाडा करायला निघालेल्या मोहिमेला शोभणारं नाव. पाचही उपग्रहांच्या कक्षा वेगवेगळ्या होत्या, पण दर चार दिवसांनी ते शेपटीत एका ओळीत येत, कुणी जवळ, कुणी दूर. त्याच वेळी कॅनडा आणि अलास्कामधल्या २० केंद्रांवर कॅमेरे आणि चुंबकमापक आकाशाकडे लक्ष ठेवून असत.

२६ फेब्रुवारी २००८ रोजी हवा तो क्षण सापडला. पृथ्वीपासून सुमारे सव्वा लाख किलोमीटरवर, म्हणजे चंद्राच्या वाटेवर एक तृतीयांश अंतरावर, पुनर्जोडणीची खूण आधी उमटली. साधारण दीड मिनिटाने उत्तरेकडचं आकाश एकदम उजळलं. पृथ्वीजवळची विस्कटण त्यानंतर नोंदली गेली. त्या दिवशीचा बिघाड दूरवरून आला होता. हे निष्कर्ष त्याच वर्षी प्रसिद्ध झाले.

गणित करून पाहा. सव्वा लाख किलोमीटर भागिले सुमारे ९५ सेकंद, म्हणजे सेकंदाला १,३०० किलोमीटर. लोट स्वतः सहसा इतक्या वेगाने येत नाही. मग आकाश इतक्या लवकर कसं उजळलं? दोऱ्याचं एक टोक झटकलं की मणी जागचे हलायच्या आधी लहर दुसऱ्या टोकाला पोचते, तशी चुंबकीय रेषांवरून धावणारी लहर निरोप घेऊन पुढे येत असावी, असा एक खुलासा आहे. काही शास्त्रज्ञांनी त्याच नोंदींचा वेगळा अर्थही लावला. वाद एका दिवसात संपला नाही, पण आता तो आकडे आणि सेकंद समोर ठेवून होऊ लागला.

कुलाब्याची वही

उपवादळ तास-दोन तासांत ओसरतं. सूर्यावरून प्लाझ्माचा प्रचंड ढग सुटला आणि त्याचं क्षेत्र तासन्‌तास दक्षिणेकडे राहिलं, तर मोठं चुंबकीय वादळ होतं. तेव्हा शेपटीतून आत ढकललेले कण पृथ्वीभोवती गोल फिरू लागतात आणि विद्युतप्रवाहाचं एक कडं तयार होतं. या कड्याचं चुंबकीय क्षेत्र जमिनीवर पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट पडतं. त्यामुळे विषुववृत्ताजवळच्या देशांतही आडवं क्षेत्र उतरतं. १० मेच्या रात्री साडेदहाच्या सुमारास वादळाचा धक्का पोचला आणि पुढच्या काही तासांत जगभरच्या कमी अक्षांशांवर हे क्षेत्र सरासरीने ४०० नॅनोटेस्लांच्या आसपास उतरलं. भाच्याच्या "कशावरून?"चं उत्तर हे. साधारण एक टक्का घट! आपल्याला काही जाणवत नाही, सूचीला जाणवतं.

आता १६० हून अधिक वर्षं मागे चला. मुंबईत कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा उभारली होती आणि १८४०च्या दशकात तिथे चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. रेशमाच्या धाग्याला टांगलेलं चुंबक, दुर्बिणीतून वाचायची पट्टी आणि ठरल्या वेळी आकडा वहीत लिहिणारा माणूस, असा सगळा थाट.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावरच्या डागांजवळ डोळे दिपवणारा प्रकाश दिसला. साडेसतरा तासांनी इतिहासातलं सर्वांत गाजलेलं चुंबकीय वादळ पृथ्वीवर येऊन धडकलं. अमेरिकेत बॉस्टन आणि पोर्टलंडच्या तारवाल्यांनी बॅटऱ्या काढून टाकल्या आणि नुसत्या आकाशातून तारांत आलेल्या विजेवर तास-दोन तास संदेश पाठवले. युरोपातल्या काही वेधशाळांत तर आलेख कागदाबाहेर गेला. वादळ किती मोठं होतं हेच मोजायचं राहिलं.

कुलाब्याची पट्टी मात्र पुरली. २ सप्टेंबरला, दुपारच्या आधी, तिथलं आडवं क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरलेलं नोंदलं गेलं. म्हणजे २०२४ च्या वादळाच्या चौपट. नोंद घेणाऱ्याने त्या गडबडीत तासाची वाट न पाहता मधेमधेही आकडे लिहून ठेवले. त्या आकड्यांचं पुढे काय होणार हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तेव्हा इलेक्ट्रॉनचासुद्धा शोध लागला नव्हता. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या गुरबक्ष लाखिना आणि शोभना अलेक्स यांनी ब्रूस त्सुरुतानी आणि वॉल्टर गोन्झालेझ यांच्यासोबत याच नोंदी वापरून त्या वादळाची तीव्रता जगासमोर मांडली. त्या घसरणीतला कड्याचा वाटा किती आणि इतर प्रवाहांचा किती यावर अजून चर्चा होते. ती होते, कारण चर्चा करायला आकडे शिल्लक आहेत.

ट्राम आली, मेट्रो आली

अशी वही जपणं सोपं नसतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेवरची ट्राम जवळून गेली की चुंबकसूची बिघडणार. कुलाब्याचे पहिले भारतीय संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांच्या काळात खाडीपलीकडे अलिबागला नवी वेधशाळा झाली. लोखंड टाळायचं म्हणून पोरबंदरचा दगड वापरला. आणि लगेच जुनी बंद केली नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्ही वेधशाळा एकाच वेळी चालवल्या, म्हणजे जुन्या आकड्यांना नवे आकडे जोडताना फट पडणार नाही. नवी यंत्रणा आणताना जुनी काही काळ सोबत चालू ठेवावी, हे आम्हाला नोकरीत शिकवलं जातं. मूस यांनी ते सव्वाशे वर्षांपूर्वी केलं! १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली तेव्हा अलिबागची वही सुरू झालेली होती. ती आजही चालू आहे.

आपल्या हैदराबादेतही हीच गोष्ट घडली. उप्पलच्या बाजूला राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आहे, तिच्या आवारात १९६०च्या दशकापासून चुंबकीय वेधशाळा आहे. मेट्रोच्या निळ्या मार्गावर एन.जी.आर.आय. नावाचं स्टेशन लागतं, ते याच संस्थेचं. शहर वाढलं, मेट्रो आली, सूचीला निवांतपणा उरला नाही. म्हणून संस्थेने विजयवाड्याच्या रस्त्यावर चौटुप्पल इथे नवी वेधशाळा उभारली.

याची गरज काय?

घरात हा विषय निघाला की आमची आई विचारते, "अरे, पण याचा उपयोग काय?" प्रश्न रास्त आहे. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडाच्या क्वेबेक प्रांताची वीजयंत्रणा अशाच वादळात सुमारे दीड मिनिटात कोसळली. ६० लाख लोक नऊ तास अंधारात होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका साध्याशा वादळाने वरचं वातावरण तापून फुगलं आणि स्टारलिंकच्या नुकत्याच सोडलेल्या ४९ उपग्रहांपैकी ३८ जळून गेले. मे २०२४ मध्ये अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर थांबवावे लागले.

भारत विषुववृत्ताजवळ आहे, म्हणून आपल्या वीजवाहिन्यांना क्वेबेकइतका धोका नाही. पण आपला नकाशा, विमानं, उपग्रह त्याच आकाशातून चालतात. इस्रोने आदित्य एल-१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी सोडलं. कुलाब्याच्या त्या नोंदीलाही बरोबर १६४ वर्षं झाली होती. जानेवारी २०२४ मध्ये ते पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या वाटेत जाऊन थांबलं. त्यावरचा चुंबकमापक येणाऱ्या वाऱ्याचं क्षेत्र उत्तरेकडे आहे की दक्षिणेकडे, हे मोजतो. दक्षिणेकडे असेल तर आपल्या हाती अर्धा ते एक तास असतो.

शेपटीतली गलोल नेमकी कोणत्या मिनिटाला सुटेल, हे मात्र अजून कुणालाच आधी सांगता येत नाही. तुमच्यापैकी जे आता अकरावी-बारावीत किंवा इंजिनिअरिंगला आहेत, त्यांच्यासाठी हे काम शिल्लक आहे आणि त्यासाठी परदेशी जाण्याचीही वाट पाहावी लागत नाही. थेमिसच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या आहेत. जगभरच्या वेधशाळांच्या इंटरमॅग्नेट या जाळ्यात अलिबाग, हैदराबाद आणि चौटुप्पलही आहेत. पायथनच्या वीस-पंचवीस ओळी लिहिता येत असतील तर एखाद्या रविवारी १० आणि ११ मे २०२४ चे आकडे उतरवून घ्या आणि आलेख काढा. शुक्रवारी रात्री साडेदहापर्यंत रेघ शांत दिसेल. मग एक छोटी उसळी, आणि त्यानंतर ती खाली जाऊ लागेल.